ब्रेसेसआधीचे दोन महिने आणि नववीतला मुलगा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा नववीत आहे, वरचे दात पुढे आलेत, एक सुळा वर चढलाय. दिवाळीच्या सुट्टीत ब्रेसेस लावून टाकू म्हणून तुम्ही गेलात. एक्स-रे झाला, मापं झाली आणि ऐन वेळी डॉक्टर म्हणाले, "हिरड्यांतून रक्त येतंय. आधी तोंड स्वच्छ होऊ दे, दोन महिन्यांनी बघू." मुलगा रात्री ब्रश करतच नाही, सकाळी अर्ध्या मिनिटात उरकतो आणि तुम्ही काही बोललात की भांडण. तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: डॉक्टर उगाच लांबवतायत का, आणि एकदा तार लागली की त्याला आपोआप जबाबदारी येणार नाही का.

पहिल्याचं उत्तर, नाही. त्या डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवून तुमच्या मुलाचा विचार केलाय. दुसऱ्याचंही उत्तर नाहीच आहे. मी २२ वर्षं दात सरळ करण्याचं काम करते. तार लागल्यावर सुधारलेली मुलं मी पाहिली आहेत, पण अगदी थोडी. बाकीच्यांची आधी जी सवय होती तीच पुढे चालू राहिली, फक्त घाण अडकायला जागा वाढल्या.

हे मी इतकं ठामपणे का सांगते, त्याला एक मुलगी कारण आहे. मी नवीन असतानाची गोष्ट. तिच्याही हिरड्या सुजलेल्या होत्या, पण दहावीचं वर्ष सुरू होण्याआधी तार बसली पाहिजे असा आईवडिलांचा आग्रह होता. "ती करेल नीट," ते म्हणाले आणि मी मान्य केलं. पावणेदोन वर्षांनी ब्रेसेस काढायचा दिवस आला. पक्कडीने एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावरचा छोटा चौकोनी तुकडा, सुटत गेलं, मी उरलेला गोंद घासून काढला, दात अगदी रेषेत आले होते. मग मी हवेने दात कोरडे केले. पुढच्या प्रत्येक दातावर मधोमध एक स्वच्छ चौकोन होता, जिथे ब्रॅकेट चिकटलेलं होतं, आणि त्याभोवती खडूसारखी पांढरी चौकट. तिने आरसा हातात घेतला, बघितलं आणि ओठ मिटले. "हे पुसून निघेल ना, मॅडम?" तिने विचारलं. ते पुसून निघणारं नव्हतं. नंतर फ्लोराइडच्या उपचारांनी डाग थोडे फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. त्यानंतर मी सुजलेल्या हिरड्यांवर ब्रॅकेट लावलेलं नाही.

त्या चौकटीचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. दातांवर जो बुळबुळीत थर जमतो, प्लाक म्हणतात त्याला, तो जिवाणूंचा थर आहे. आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. तोंडाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातली खनिजं निघायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल शमवते आणि निघालेली खनिजं थोडी परतही देते. याला साधारण अर्धा तास, कधी तासभरही लागतो. ही ये-जा प्रत्येकाच्या तोंडात दिवसभर चालू असते. ब्रॅकेटच्या कडेला मात्र जीभ पोचत नाही, गाल घासत नाहीत, लाळही नीट फिरत नाही. थर तिथे जमून राहिला तर चार आठवड्यांतसुद्धा पांढरे डाग दिसू लागतात. आणि तार तर दीड-दोन वर्षं तोंडात राहते.

हिरड्यांचं गणित वेगळं आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लोए या दंतसंशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सूज यायलाही फार वेळ लागत नाही आणि जायलाही लागत नाही. तुमच्या मुलाला मिळालेले दोन महिने हिरड्या बऱ्या व्हायला पुरून उरतात. उरलेला वेळ सवय मुरायला आहे, आणि खरा अवघड भाग तोच.

आता खरी अडचण कुठे आहे ते सांगते. तुम्ही लिहिलंय, "तो आळशी आहे." मला तसं वाटत नाही. ब्रश त्याच्या हातात आहे, पण ते काम अजून तुमच्या नावावर आहे. पहिलीपासून "ब्रश केलास का?" हा प्रश्न तुम्ही विचारताय, म्हणजे आठवण ठेवायची जबाबदारी तुमची आणि टाळायची कला त्याची. चौदाव्या वर्षी आईने सांगितलेली कुठलीही गोष्ट करणं म्हणजे हरणं असतं. शिवाय त्याला स्वतःच्या तोंडात काहीही चुकीचं दिसत नाही. प्लाक दाताच्याच रंगाचा असतो. त्याच्या दृष्टीने तो ब्रश करतोय आणि तरीही सगळे ओरडतायत.

म्हणून माझ्याकडे असं मूल आलं की मी आधी बोलत नाही, दाखवते. प्लाकला रंग देणारं एक द्रावण मिळतं. ते कापसाने दातांवर लावायचं, एकदा चूळ भरायची आणि मुलाच्या हातात आरसा द्यायचा. नवा थर गुलाबी दिसतो, जुना, दोन-तीन दिवस तिथेच बसलेला, निळा-जांभळा. आईवडिलांना मी त्या वेळी बाहेर बसवते. बहुतेक मुलं आरशात बघून गप्प होतात, मग जीभ फिरवून बघतात. मी ब्रश देते आणि एवढंच म्हणते, "रंग घालव." मूल नेहमीसारखं खसाखसा घासतं, दाताचा मधला भाग पांढरा होतो आणि हिरडीलगतची जांभळी रेघ तशीच राहते. तिथे ते थांबतं, ब्रश तिरका धरतं, पुन्हा घासतं. मी घड्याळ लावते. पहिल्या वेळेला रंग पूर्ण जायला चार-पाच मिनिटं लागतात. घरी आपण किती वेळ घासतो हे मग त्याला कोणी सांगावं लागत नाही.

हे द्रावण किंवा त्याच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांकडे मागा. घरी आठवड्यातून एकदा पुरे, रविवारी सकाळी. ओठांना आधी व्हॅसलीन लावायचं आणि जुना बनियन घालायचा, कारण तो रंग कपड्यावरून सहज निघत नाही. मोबाइलवर त्याने स्वतःच फोटो काढावा. तुम्ही मागू नका. आठ रविवारांचे आठ फोटो झाले की पुढच्या भेटीत तो आपणहून डॉक्टरांना दाखवेल.

रक्ताबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे मुलांची समजूत उलटी असते आणि ती स्वाभाविक आहे. गुडघा खरचटला तर आपण हात लावू नकोस म्हणतो. तसंच हिरडीतून रक्त आलं की मूल ती जागा टाळतं. टाळलेल्या जागी थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं. त्याला सांगा की तिथे जखम नाही, तिथे घाण बसली आहे, आणि ती काढायला मऊ ब्रशने नेमकं तिथेच जायचंय. पहिले चार-पाच दिवस रक्त दिसेल, मग कमी होत जाईल. मी मुलांना भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज एक खूण करायला सांगते: रक्त आलं तर टिंब, नाही आलं तर काही नाही. दुसऱ्या आठवड्यात टिंबं विरळ झालेली दिसली की त्याला पटतं. खूण त्यानेच करायची. तुम्ही केलीत तर तो हिशेब पुन्हा तुमचा झाला.

घासायची पद्धत फार अवघड नाही. मऊ ब्रश, लहान डोकं, दर तीन महिन्यांनी किंवा केस पसरले की नवा. पेनासारखा हलका धरायचा, केस अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर येतील असा ४५ अंशात टेकवायचा, जागच्या जागी थरथरवायचा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडायचा. सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूने करायची, जिभेकडून. सगळे जण पुढच्या दातांपासून सुरू करतात आणि कंटाळा येईपर्यंत आतपर्यंत पोचतच नाहीत. आणखी एक निरीक्षण: उजव्या हाताने घासणाऱ्यांचा उजव्या बाजूचा सुळा हमखास सुटतो, कारण तिथे मनगट वळवावं लागतं. तुमच्या मुलाचा वर चढलेला सुळा कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि त्या एका दातासाठी ब्रश उभा धरायला शिकवा.

पेस्ट फ्लोराइडची हवी, पाकिटावर १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) आसपास लिहिलेलं असतं ते बघून घ्या. वाटाण्याएवढी पुरे. घासून झाल्यावर थुंकायचं आणि खळाखळा चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड धुऊन जातं. हे आपल्याकडे कुणालाच आवडत नाही, पण चार दिवसांत अंगवळणी पडतं. राखुंडी, कोळसा, मीठ, लाल मंजन यांनी आवरण झिजतं. मिशरी म्हणजे तर भाजलेला तंबाखूच. "आमचे दात बघा, आम्ही काय पेस्ट लावली?" असं आजोबा म्हणत असतील, तर त्यांचे दात खरंच चांगले असतील, मी नाकारत नाही. पण त्यांच्या लहानपणी दिवसातून चार वेळा बिस्किटं, थंड पेयं आणि चॉकलेटं तोंडात जात नव्हती.

तिथून आपण खाण्याकडे येतो. दातांसाठी किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. वर सांगितलेला आम्लाचा अर्धा-एक तास प्रत्येक खाण्याबरोबर नव्याने सुरू होतो. त्याच्याबरोबर बसून एका दिवसाची यादी करा: सकाळचा चहा-बिस्किटं, शाळेच्या मधल्या सुट्टीतलं काहीतरी, घरी आल्यावरचं, क्लासला जाताना खिशातलं चॉकलेट, क्लासहून येताना थंड पेय, आणि झोपताना साखर घातलेलं दूध. माझ्या दवाखान्यात ही यादी सात-आठच्या खाली क्वचितच येते. सगळं बंद करायला मी सांगत नाही, ते टिकत नाही. जेवणालगतच गोड खाऊन घ्यायचं आणि दोन खाण्यांमध्ये फक्त पाणी. एवढं जमलं तरी आकडा निम्म्यावर येतो. रात्रीचं दूध ही बहुतेक घरांत आईच्या मनाची गोष्ट असते. ते जेवणाच्या आधी द्या, किंवा साखर आणि चॉकलेटी पावडर वगळा.

शाळेबाहेरच्या टपरीवर मिळणारी गोड सुपारी मात्र पूर्ण बंद. ब्रेसेसचा प्रश्न नंतरचा. सुपारीने तोंडाची आतली त्वचा घट्ट होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि ते परत पूर्वीसारखं होत नाही. मुलं घरी सांगत नाहीत, म्हणून शांतपणे विचारा.

रात्रीचा ब्रश का महत्त्वाचा, तर झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा लाळ जी डागडुजी करते ती रात्री जवळजवळ बंद असते. आणि तो का होत नाही, तर आपण तो झोपायच्या वेळेशी बांधतो. साडेअकराला अंथरुणात मोबाइल बघत पडलेला मुलगा उठून बेसिनपर्यंत जाणार नाही. मी पण गेले नसते. म्हणून ब्रश झोपेशी नाही, जेवणाशी बांधायचा. ताट उचलून ठेवलं की थेट बेसिन, मग अभ्यास, मोबाइल, काय करायचं ते. त्यानंतर फक्त पाणी. क्लासमुळे तो उशिरा जेवत असेल तरी क्रम हाच. ब्रश आणि पेस्ट बाथरूमच्या कपाटात नको, जिथे तो हात धुतो तिथेच समोर ठेवा. लिंबू-सरबतासारखं आंबट काही घेतलं असेल तर मात्र लगेच घासू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.

घरी कितीही चांगलं घासलं तरी दगडासारखं झालेलं किटण ब्रशने निघत नाही. म्हणून पहिलं काम क्लीनिंग. दात साफ केल्याने ते हलायला लागतात ही भीती मनातून काढून टाका. किटण निघाल्यावर दातांमध्ये फट वाटते, कारण ती जागा इतके दिवस किटणाने भरलेली होती. त्याच भेटीत किडलेले दात भरून घ्या, कारण तार लागल्यावर तिथे पोचणं अवघड होतं. माउथवॉश ब्रशऐवजी चालत नाही. क्लोरहेक्सिडिनचं, म्हणजे चूळ भरायचं जंतुनाशक, औषध दिलं तर सांगितले तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे या गोष्टी तुम्हाला बघाव्या लागतील. त्याचे वरचे दात पुढे आलेत म्हणजे ओठ सहज मिटत नसतील. तो झोपेत तोंड उघडं ठेवतो का? घोरतो का, सकाळी तोंड कोरडं असतं का? तसं असेल तर वरच्या पुढच्या हिरड्या वाळतात आणि नीट घासूनही लाल राहतात. मग दोष त्याच्या ब्रशचा नसतो आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. नीट घासणाऱ्या मुलाला रोज ओरडा खावा लागल्याचं मी पाहिलंय, कारण हे कुणी तपासलंच नव्हतं. दात एकमेकांवर चढलेले असतील तर काही कोपरे साध्या ब्रशने निघतच नाहीत, तिथे एका झुबक्याचा छोटा ब्रश लागतो. या वयात शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या थोड्याशा थरालाही जास्त सुजतात, तेवढी सूट त्याला द्या. फिट्सचं औषध चालू असेल तर त्यातल्या काही औषधांनी हिरड्या वाढतात, डॉक्टरांना जरूर सांगा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तुम्ही तिकडचे असाल आणि त्याच्या दातांवर लहानपणापासून डाग असतील तर तेही सांगा, अशा दातांवर ब्रॅकेट चिकटवताना वेगळी काळजी घ्यावी लागते.

थांबल्याने नुकसान होईल का, ही भीती तुमच्या प्रश्नात दडलेली आहे. चौदाव्या वर्षी दोन महिने, चार महिनेसुद्धा, बहुतेक मुलांच्या बाबतीत काही बिघडवत नाहीत. अपवाद आहे: खालचा जबडा मागे असेल आणि वाढीच्या वयाचा फायदा घेऊन त्यावर उपचार करायचे असतील तर वेळ मोलाचा असतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "याला वाढीचं काही बंधन आहे का?" ते हो म्हणाले तर हिरड्यांचं काम आणखी कसोशीने करायचं, ते सोडून द्यायचं नाही. आणि खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतच नायर दंत महाविद्यालय, इथे हेच उपचार कमी खर्चात होतात. फेऱ्या आणि थांबणं जास्त, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

घरातल्या वादासाठी मी आईवडिलांना एकच गोष्ट सांगते, आणि ती त्यांना सगळ्यात जड जाते. दोन महिने "ब्रश केलास का?" हे विचारायचं नाही. सोमवार ते शनिवार एकही शब्द नाही. रविवारी तो रंग लावेल तेव्हा त्याने बोलावलं तरच जायचं. त्याआधी एकदा बसून त्याला विचारा की ब्रेसेस त्याला हव्या आहेत का. तुम्हाला हव्या आहेत हे त्याला माहीत आहे. शाळेत चिडवतात म्हणून त्याला हव्या असतील, किंवा मुळीच नको असतील. नको असतील तर तेही ऐकून घ्या. नको असताना लावलेली तार दीड वर्ष भांडत काढावी लागते. हव्या असतील तर ठरवून टाका की तारीख कॅलेंडर ठरवणार नाही, हिरड्या ठरवतील: लागोपाठ दोन तपासण्यांत रक्त नाही, मग तार. हे त्याच्यासमोर डॉक्टरांकडूनच वदवून घ्या, म्हणजे अट तुमची राहत नाही.

शेवटचे दोन आठवडे रंगीत तालीम करायची. ब्रेसेस लागल्यावर ब्रॅकेटच्या वरून एकदा, खालून एकदा घासावं लागतं आणि तारेखालून बारीक इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत जाणारा ब्रश, फिरवावा लागतो. तो आत्ताच आणा, जिथे फट आहे तिथे वापरू द्या, त्याचा हात बसेल. पेरू फोडी करून, मक्याचे दाणे सोलून खायची सवयही आत्ताच लावा. ऊस सोलून दातांनी खाणं, चिक्की, कडक बुंदीचा लाडू आणि टणक चकली यांना दीड-दोन वर्षं रजा. पहिल्याच दिवाळीत ब्रॅकेट तुटून आलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात, आणि प्रत्येक तुटण्यामागे उपचार काही आठवडे लांबतात.

क्लीनिंग झाल्यानंतर तीन आठवडे रोज दोनदा नीट घासूनही रक्त थांबलं नाही, ब्रश न लावता आपोआप रक्त येत असेल, अंगावर मार न लागता निळे डाग उठत असतील किंवा पुढचे दात वा पहिल्या दाढा हलत असतील, तर दोन महिने पूर्ण व्हायची वाट बघू नका. लगेच दाखवा, डॉक्टर रक्ताची तपासणी आणि हिरड्यांच्या तज्ज्ञांचा सल्ला सुचवतील. नाहीतर क्लीनिंगची वेळ याच आठवड्यात घ्या. त्या दिवशी त्याला खुर्चीवर एकट्याला बसू द्या आणि तुम्ही बाहेर थांबा.